मंत्र्याचा बुधवार

मंत्र्याने परदेशात दुसरं घर केलंय, अशी कुजबुज होती. ती पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली, यावर हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत कधीच एकमत झालं नाही. पण तिला तिखटमीठ लावून रोज ताजी ठेवण्याचं श्रेय मात्र निर्विवादपणे काजेबाईंचं. काजेबाई म्हणजे पाहुण्यांच्या कपड्यांची तुटलेली बटणं लावणाऱ्या, उसवलेल्या शिवणी घालणाऱ्या बाई. ओठांत सुई धरून बोलायची त्यांना सवय, त्यामुळे त्यांचं बोलणं टोचतच बाहेर यायचं.

"बाईच आहे," त्या म्हणायच्या. "मला नका शिकवू. पुरुषमाणूस सुट्टीच्या दिवशी गुळगुळीत दाढी करतो, शर्टाला कडक इस्त्री मारतो आणि संत्र्यांची पिशवी घेऊन बसमध्ये चढतो, तो काय हवा खायला?"

"देवदर्शनाला जात असेल," मुकादम डोळा मारून म्हणायचा.

"हो तर! आणि देवाला केसांचं तेल लागतं, कंगवा लागतो, वासाचा साबण लागतो! परवा स्वेटर आणला माझ्याकडे, म्हणे बाजूंनी आत घ्या. छाती एवढीशी! मी विचारलं, कुणाचा हो? तर म्हणे, एका ओळखीच्याचा. अशी पुरुषाची छाती असते का कुठे? पोरगी आहे कुणीतरी, बारीक चणीची. वयाचा तरी विचार करायचा मेल्याने."

आता हा मंत्री म्हणजे खराखुरा मंत्री नव्हे, हे सांगायला नकोच. खरा असता तर काजेबाई एवढ्या मोठ्याने बोलल्या नसत्या. हा होता इस्त्रीवाला. वाफेच्या इस्त्रीसमोर उभं राहून राहून कंबरेत थोडा वाकलेला, उजव्या मनगटावर जुन्या चटक्यांचे डाग असलेला, पन्नाशी गाठलेला गृहस्थ. अर्धं आयुष्य या परक्या देशात गेलं. बायको आणि मुलगी मायदेशी.

मंत्री हे नाव त्याला पडलं ते राजकारणामुळे. हॉटेल मोठं होतं. वरच्या मजल्यांवर वकिलातींचे लोक, लष्करी पाहुणे, व्यापारी, बातमीदार असा सगळा गोतावळा उतरायचा. तळघरातल्यांना त्यांचं तोंड कधी दिसत नसे. दिसायचे ते फक्त त्यांचे कपडे, पत्र्याच्या घसरगुंडीवरून धपकन खाली येणारे. आणि त्या ढिगाऱ्यातून मंत्री सबंध खंडाचं भविष्य सांगायचा. अमक्या देशाच्या साहेबांच्या बायकांचे कपडे यायचे थांबले, म्हणजे कुटुंबं परत धाडली, म्हणजे संबंध बिघडले. काळे सूट एकदम आले, म्हणजे करार. रुमालांचा खच पडला, म्हणजे वर चर्चा फिसकटतेय, घाम फुटलाय.

"अहो, वर्तमानपत्रात छापून येतं ते शिळं," तो म्हणायचा. "आपल्याकडे येतं ते अंगावरून उतरलेलं, गरमागरम."

कधी बरोबर निघायचं, बऱ्याचदा साफ चुकायचं. चुकलं तरी कुणी मनाला लावून घेत नसे. जेवणाच्या सुट्टीत कपड्यांच्या पोत्यांवर बसून त्याचं भाषण ऐकणं ही सगळ्यांची करमणूक होती. "हा सगळा मुलुख म्हणजे एका भिंतीला टेकून बांधलेल्या खोल्या," असं तो सांगायचा. "एकाने खिळा ठोकला की दुसऱ्याचं घड्याळ पडतं. आणि आपण कोण? पोटभाडेकरू. मालकांची जुंपली की आपण दार लोटून घ्यावं आणि भांडीसुद्धा हळू घासावीत."

पण हे सगळं जुनं. एके दिवशी मंत्र्याने तोंड मिटलं ते मिटलंच. राजकारण नाही, भाषण नाही. कुणी मुद्दाम खाजवलं, "काय मंत्रीसाहेब, युद्ध होणार का?" तर म्हणायचा, "कॉलर नीट धर, घडी मोडतेय." साधारण त्याच सुमाराला त्याचे बुधवार सुरू झाले, आणि काजेबाईंनी दोन्हीची सांगड घालून टाकली. माणूस बोलायचा बंद होतो तो दोन कारणांनी. एक तर दात पडतात, नाहीतर बाई भेटते. मंत्र्याचे दात शाबूत होते.

हे सगळं ज्याच्या डोक्यावर येऊन आदळलं तो होता मंत्र्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. मंत्र्यानेच शब्द टाकून त्याला इथे आणलं होतं. कपडे वाळवायच्या मशीनवरचा आधीचा माणूस मायदेशी परत गेला, जागा रिकामी झाली, असं त्याला सांगण्यात आलं. तो आला त्या दिवशीच मुकादमाने जाहीर केलं, "हा मंत्र्याचा मेहुणा." झालं. तेव्हापासून तो सगळ्या लॉन्ड्रीचा मेहुणा. काजेबाईसुद्धा त्याला मेहुणा म्हणायच्या आणि वर स्वतःच हसायच्या, "माझा कसला मेला मेहुणा! पण ये, बस, चहा घे."

मेहुणा मनाने सरळ होता. सरळ माणसाची अडचण अशी, की त्याच्या कानात काही घातलं की ते थेट काळजापर्यंत जातं, मध्ये कुठे थांबत नाही.

दोघे एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहायचे. दोन खाटा, एक शेगडी, खिडकी उघडली की समोर हातभरावर दुसरी भिंत. खालून रबराचा वास, शेजारच्या खोलीतून दिवसभर बातम्यांचा आवाज. पुलावर सैनिक वाढलेत, समुद्रात जहाजं आमनेसामने आलीत, परक्यांनी ओळखपत्र जवळ बाळगावं. त्या दिवसांत रस्त्यावर फार बोललेलं कुणाला आवडत नसे. दुकानदार सुटे पैसे द्यायचा ते तोंडाकडे न बघता.

आणि तिकडून ताईचा फोन यायचा.

ताईचं इथे येणं किती वर्षं चाललं होतं! पासपोर्ट झाला, परवान्याचा अर्ज झाला, मुलीची शाळा बघून ठेवली. नवीन बॅगा आणून त्यांत कपडेसुद्धा भरले. आणि मंत्री आपला दर वेळी म्हणायचा, "यंदा नको. वातावरण ठीक नाही." सुट्टी घेऊन स्वतःही जात नव्हता.

"तुझ्या भाऊजींचं वातावरण कधी ठीक होणार, विचार त्यांना," ताई भावाला म्हणायची. "टीव्हीवर तर दाखवतात, तिकडे लोक मजेत बाजार करतायत. मलाच तेवढी तोफ लागणार आहे का? मुलगी विचारते, बाबांचा आवाज फोनवर असतो तसाच आहे का गं खरा? काय सांगू तिला?"

मेहुणा इकडचं तिकडचं सांगून वेळ मारून न्यायचा. पण स्वेटरची गोष्ट ऐकल्यापासून त्याला घास गिळवेना. एका मंगळवारी, कामावरून आल्यावर, मंत्री खाटेवर बसून संत्री पिशवीत भरत होता, तेव्हा त्याने विषय काढलाच.

"भाऊजी, एक विचारू?"

"परवानगी मागून विचारतोयस म्हणजे काहीतरी घाणेरडंच असणार. विचार."

"बुधवारी कुठे जाता?"

"फिरायला."

"शहराच्या त्या टोकाला? संत्री घेऊन?"

मंत्र्याने पिशवीचे बंद आवळले. "लॉन्ड्री काय म्हणते?"

"बाई आहे म्हणते."

"अस्सं. कशी आहे?"

"बारीक आहे म्हणे."

मंत्र्याला हसू फुटलं. मेहुण्याने इथे आल्यापासून त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. मग हसणं थांबलं, पाणी थांबलं नाही.

"तसंच समज," तो म्हणाला.

"समजू म्हणजे? ताईला काय सांगू?"

"वातावरण ठीक नाही म्हणावं."

"वातावरणाचं नाव काढू नका हो! तिने घर आवरून ठेवलंय. बॅगा दाराशी आहेत. तिच्या जन्माचा प्रश्न आहे आणि तुम्ही मला हवामान सांगताय!"

"हळू बोल." मंत्र्याने भिंतीकडे पाहिलं. "तुला जे माहीत नाही, ते तुला कुणी विचारलं तरी सांगता येणार नाही. तुझं त्यातच भलं आहे. झोप आता."

निर्लज्जपणालाही काही सीमा असते, असं मेहुण्याला वाटलं. चोर तो चोर, आणि वर मलाच दम देतो! त्याने पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्री दाढी करत होता तेव्हा तो मुद्दाम डोळे मिटून पडून राहिला.

चार दिवसांनी ताईचा फोन आला. तिच्या कानावर तिकडेही काहीतरी गेलं होतं. काजेबाईंचा एक भाचा त्याच गावात होता, आणि काजेबाईंना भाच्याशी बोलायला विषय लागायचे.

"खरं सांग," ताई म्हणाली. "माझ्या गळ्याची शपथ. तू माझ्या पाठचा आहेस, त्यांच्या नाहीस."

मेहुण्याने खोलीच्या दाराकडे पाहिलं. मंत्री कामावर होता.

"मी विचारलं त्यांना," तो म्हणाला. "नाही म्हणाले नाहीत."

मग अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "कशी आहे?"

"मी नाही पाहिली. बारीक आहे म्हणतात."

"बारीक," ताई म्हणाली. "मीही होते."

त्या महिन्यातच तिने भाड्याचं घर सोडलं. दाराशी ठेवलेल्या बॅगा उचलल्या आणि मुलीला घेऊन थोरल्या भावाकडे गेली. परवान्याचा अर्ज मागे घेतला. मंत्र्याला निरोप आला तो थोरल्याकडून, मोजक्या शब्दांत, की यापुढे या घरात फोन करायचा नाही, मुलीलाही बोलायची इच्छा नाही. आम्ही आमचं बघून घेऊ.

मेहुण्याने तो निरोप मंत्र्याला सांगितला तेव्हा दोघेही लॉन्ड्रीत होते. मंत्री कुणाचातरी पांढरा शर्ट इस्त्रीवर पसरत होता. आता हा ओरडेल, आता अंगावर धावून येईल, म्हणून मेहुणा मनाची तयारी करून उभा होता. मंत्र्याने शर्टाची एक बाही सरळ केली, वाफ सोडली, दुसरी बाही सरळ केली.

"मुलगी स्वतः म्हणाली का तसं?" त्याने विचारलं.

"थोरला म्हणाला, तिला इच्छा नाही."

"हं."

शर्ट झाला. त्याने पुढचा घेतला. लॉन्ड्रीभर सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या आणि कान वर केले होते. काजेबाईंच्या ओठांत सुई होती, पण बोलल्या नाहीत.

आणि पुढच्या बुधवारी मंत्र्याने पुन्हा दाढी केली. कडक शर्ट घातला. पिशवी घेतली. एवढं झाल्यावरही! ज्यांना आजवर थोडीफार शंका होती, त्यांचीही फिटली. मुकादमाने डोळे मारणं सोडून दिलं, कारण आता त्यात गंमत राहिली नव्हती. मेहुणा त्याच्याशी बोलेनासा झाला. खोली तेवढीच, खाटा त्याच. एक जण चहा करायचा, दुसरा न बोलता प्यायचा.

असं पावसाळाभर चाललं. मग एका मंगळवारी मंत्र्याची कंबर धरली. इस्त्रीवाल्यांचं ते दुखणंच. वाकला तो सरळ होईना. चौघांनी उचलून टायरच्या दुकानावरचा जिना चढवला आणि खाटेवर आडवा केला. कूस बदलायची तर दातओठ खावे लागत होते. बुधवारी सकाळी त्याने उठायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा घामाघूम होऊन मागे पडला.

"मेहुण्या," त्याने हाक मारली.

मेहुणा चहाचं भांडं आपटत राहिला.

"रागव नंतर. आज तू जा. पिशवी खाटेखाली आहे. बसने शेवटच्या थांब्याला उतर. खिडकीपाशी विचारतील, कोण? तर म्हण, भाऊ."

"कुणाचा भाऊ? मी त्या बाईचा भाऊ होऊ? माझ्या सख्ख्या बहिणीचं घर मोडून?"

मंत्र्याने डोळे मिटले. "आज कुणी गेलं नाही तर पुढच्या खेपेला भेट मिळत नाही. जा रे. तिथे गेल्यावर कळेल. आणि भांडायला निघाल्यासारखं तोंड करू नकोस."

मेहुण्याला भांडायलाच जायचं होतं. एकदा त्या सटवीला समोर घेऊन काय ते ऐकवायचं, म्हणूनच तो निघाला. बसमध्ये सगळी वाक्यं जुळवत बसला. पुलावर बस थांबवून शिपायाने ओळखपत्रं तपासली. मेहुण्याचं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि मांडीवर टाकलं. पुढे वस्ती विरळ होत गेली. गोदामं लागली, मग नुसती मोकळी जमीन, आणि शेवटच्या थांब्यावर एक लांबच लांब करडी भिंत. भिंतीवर काटेरी तार.

भिंतीच्या पलीकडे चाळी असतील, असं त्याला वाटलं. पण बसमधून उतरलेले सगळेच त्याच्यासारखी पिशवी घेऊन त्या भिंतीच्या कडेने रांगेत उभे राहिले. म्हाताऱ्या बायका, एक लंगडा माणूस, कडेवर मूल घेतलेली एक तरुण बाई. मेहुण्याने मोडक्यातोडक्या बोलीत एका म्हातारीला विचारलं, इथे राहतात कुठे? तिने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

खिडकीशी शिपायाने प्रत्येक संत्र्यात तार खुपसून बघितली. साबणाचे दोन तुकडे केले. तेल हुंगलं.

"नातं?"

"भाऊ," मेहुणा म्हणाला. त्याची जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली होती.

आत एक लांब खोली, मधोमध जाळी. जाळीच्या पलीकडे एक माणूस येऊन बसला. हाडं आणि कातडी. अंगात स्वेटर होता, बाजूंनी आत घेतलेला, तरी तो त्याला ढगळच होत होता.

"तू कोण?" तो आपल्याच भाषेत म्हणाला. "मंत्री कुठाय? गेला की काय?"

"कंबर धरलीय त्यांची."

"असं होय! घाबरवलंस ना." तो हसला. समोरचे दात नव्हते. "मग तू?"

"मी त्यांचा मेहुणा. लॉन्ड्रीतच आहे. वाळवायच्या मशीनवर."

"अरे, म्हणजे माझ्याच जागेवर! डावीकडच्या मशीनचं दार अजून उचलून लावावं लागतं का रे? मला वाळवण्या म्हणायचे सगळे. मशीनमुळे नव्हे, अंगामुळे."

मागे उभा असलेला शिपाई एक पाऊल पुढे सरकला. वाळवण्याने आवाज खाली आणला.

"तू मायदेशी गेलास म्हणून सांगितलं मला," मेहुणा म्हणाला.

"सांगणारच. इथे कोण कुठे गेला हे विचारायचं नसतं. मंत्र्याने तुला काहीच नाही सांगितलं? शहाणा झालाय." त्याने जाळीला बोटं लावली. "एकदा असेच जेवायला बसलो होतो दोघे. घसरगुंडीवरून कधी न पाहिलेले कोट आले. निळे, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर दुहेरी बटणं. मंत्री म्हणाला, हे शेजारच्या देशाचे सेनाधिकारी, गुपचूप उतरलेत, आठवड्याभरात यांची फौज पूल ओलांडणार. मी घाबरलो रे. माझा धाकटा भाऊ इकडे यायला निघाला होता. त्याला फोन केला, नको येऊस, फौज येतेय. जेवढं ऐकलं तेवढं सगळं सांगितलं. फोनवर यांचे कान असतात, हे कुठे माहीत होतं? तिसऱ्या दिवशी उचललं."

"मग? कुणाकडून ऐकलं, ते नाही विचारलं?"

"तेच तर विचारत होते." त्याने ओठावरून जीभ फिरवली, दात नव्हते तिथून. "म्हटलं, माझ्याच डोक्यातून निघालं. मी एकटा जीव. मंत्र्याला बायको आहे, मुलगी आहे. त्याला कशाला? बरं, वहिनी आल्या का रे? मागेच येणार होत्या ना? मी मंत्र्याला दर खेपेला सांगतो, आणून घे त्यांना, माझ्यापायी थांबू नकोस. तर म्हणतो, मला कधी उचलतील याचा नेम नाही, ती इथे असताना नको. आणि सुट्टीवर जा म्हटलं, तर म्हणतो, मग तुझ्याकडे कोण येईल?"

मेहुणा त्या स्वेटरच्या बाजूच्या शिवणीकडे बघत होता.

"आल्या का?"

"नाही अजून."

"येतील, येतील." वाळवण्या जाळीजवळ सरकला. "एक सांग. इथे आत काही कळत नाही, आणि मंत्र्याला विचारलं की तो विषय बदलतो. ती फौज आली का रे शेवटी?"

निळे कोट. सोनेरी झालर. दुहेरी बटणं. मेहुणा ते कोट दर महिन्याला स्वतः वाळवायचा, मंद आचेवर, कारण जास्त ऊब लागली की झालर आक्रसते. वरच्या मजल्यावरच्या मेजवान्यांत ते घालून हॉटेलचा नवा बँड वाजायचा.

"नाही," तो म्हणाला. "नाही आली."

"बरं झालं," वाळवण्या म्हणाला. शिपायाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वेळ संपली होती.

मंत्र्याला दुसरी बाई नव्हती. बुधवारी तो तुरुंगात जायचा. तिथे वाळवण्या होता. हॉटेलच्या बँडचे कपडे बघून मंत्री जे बोलला, तेच वाळवण्याने फोनवर सांगितलं होतं, म्हणून तो आत होता.